जुना कॉम्प्युटर देण्याआधी

मैत्रिणींनो, घर बदलताना आपण काय करतो? टेम्पो हलण्याआधी एकदा रिकाम्या घरात परत जातो. माळ्यावर हात फिरवतो, मोरीत डोकावतो, दारामागचा खिळा बघतो. आणि हमखास काहीतरी सापडतंच. एखादी पळी, एखादी पिशवी, देव्हाऱ्यामागे राहिलेली निरांजनाची जोडी. कॉम्प्युटर बदलताना मात्र ही शेवटची फेरी मारायचं आपल्याला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. एका रविवारच्या सुट्टीमुळे वाचले, म्हणून आज ती हकिगत तुमच्यापुढे मांडते आहे.

पुष्कळ घरांतून सध्या हा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण सुरक्षेसाठी दर महिन्याला जी दुरुस्ती आपोआप येत असे, ती यायची थांबली. घरगुती वापर करणाऱ्यांनी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. पुढच्या विंडोज ११ ला मात्र साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची सोय लागते. आमचा कॉम्प्युटर २०१६ चा. दुकानदाराने नुसतं वर्ष ऐकूनच मान हलवली.

खरं म्हणजे हा कॉम्प्युटर ‘आमचा’ नव्हेच, तो नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. नाना धुळ्याला शाळेत शिक्षक होते. २००८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, दोन महिने क्लासला जाऊन मराठी टायपिंग शिकले, आणि मग रोज दुपारी चहा झाला की आईंना समोर बसवून सांगायचे, “हं, सांग.” आई म्हणजे सासूबाई. त्या अहिराणीत सांगायच्या, नाना टाइप करायचे. कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या. शिवाय बिबडे, खापरावरचे मांडे, कळण्याची भाकरी, पातोड्या यांची प्रमाणं, तीही पायली-शेराची. २०१६ मध्ये पहिला कॉम्प्युटर दमला तेव्हा दुसरा आला. धुळ्याच्या दुकानदाराने त्यात सगळं बसवून दिलं आणि नानांचं काम पुढे चालू राहिलं. २०२१ मध्ये नाना गेले. आई आमच्याकडे जळगावला आल्या, त्यांच्याबरोबर टेम्पोतून पारोळा, एरंडोल करत हा कॉम्प्युटरही आला. मग त्यावर माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, ह्यांचे हिशेब आणि मुलीचे प्रोजेक्ट सुरू झाले. नानांचं काय त्यात आहे, ते उघडून बघायला कुणाला वेळ झाला नाही. आहे ना, मग असू दे, असं आपलं चाललेलं.

आणि गेल्या दोन वर्षांत आईंना विसरायला होतं. गाणं सुरू करतात, दुसऱ्या कडव्यापाशी थांबतात आणि आपल्याकडे बघत राहतात.

असो. नवा कॉम्प्युटर आला तो शनिवारी संध्याकाळी. दुकानातला मुलगा जोडणी करायला आला होता, चुणचुणीत पोरगा. त्याने काय काय केलं आणि मी त्याला काय काय करू दिलं नाही, ते आधी सांगते, कारण जोडणीचीही दोन-चार पथ्यं आहेत.

त्याने टेबल खिडकीजवळ ओढलं, तिथेच आमच्या कूलरचा झोत येतो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, त्यामुळे कॉम्प्युटरलाही गार वारा बरा, असं वाटणं साहजिक आहे. पण कूलरची हवा ओली असते आणि धूळही आत ओढून आणते. ओल आणि धूळ एकत्र झाली की आतल्या पंख्यावर आणि सर्किटवर त्याचा लेप बसतो. तेव्हा कूलरच्या समोर नको, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून नको, आणि दाराच्या कपाटात कोंडूनही नको. ज्याला आपण सगळ्याजणी सीपीयू म्हणतो त्या खोक्याच्या मागे वीतभर जागा मोकळी हवी, गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

वीज येते-जाते म्हणून यूपीएस घेतला असेल, तर त्यावर सीपीयू आणि मॉनिटर एवढंच जोडावं. लेझर प्रिंटर त्यावर मुळीच नको, तो सुरू होताना एकदम भरपूर वीज खेचतो. आणि तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं. सीपीयूला हात लागला की बारीक झिणझिणी येत असेल, तर तिकडे काणाडोळा करू नये.

यानंतरची गोष्ट थोडी महत्त्वाची. नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की विंडोज ११ ई-मेलचं खातं मागतं. दुकानातली मुलं घाईत असतात, कधी स्वतःचंच खातं टाकून मोकळी होतात. ते होऊ देऊ नका. खातं तुमच्या नावाचं, तुमच्या मोबाइल नंबराचं असू द्या. हल्लीच्या पुष्कळ नव्या कॉम्प्युटरांत त्या खात्याने आत शिरलं की डिस्कला आपोआप एक कुलूप लागतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. रोजच्या वापरात हे कुलूप आपल्याला दिसतही नाही. पण उद्या काही बिघाड झाला, कॉम्प्युटरने ती किल्ली मागितली आणि खातं दुकानातल्या मुलाचं असलं, तर कुणाच्या दारात उभं राहायचं? मी तो आकडा वहीत उतरवून ठेवला आहे. आमचे हे हसले. हसू देत.

आणखी एक. त्याच खात्याबरोबर वनड्राइव्ह नावाची कोठी येते. ती आपल्या फायली परस्पर इंटरनेटवर नेऊन ठेवायला लागते. फुकट जागा ५ जीबी. लग्नाचा एक अल्बम टाकला की भरली, मग पैसे भरा म्हणून पाट्या झळकतात. हवी तर ठेवा, पण तिच्यात सगळं आहे अशा भरवशावर राहू नका.

तर त्या मुलाने जुन्यातलं ‘सगळं’ नव्यात आणलं. जुन्याच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप या तीन जागा बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, तिथून नव्यात उतरवल्या. तासाभरात काम फत्ते. जुना सीपीयू पुसून दारापाशी ठेवला आणि म्हणाला, “ताई, सोमवारी येऊन घेऊन जातो. दुकानात फॉरमॅट मारून टाकू. याचे दीड हजार तुमच्या बिलातून वजा.” मी बरं म्हटलं. दीड हजार म्हणजे वाण्याच्या यादीतला अर्धा भाग सुटला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आईंना म्हटलं, या, नव्या कॉम्प्युटरवर तुमचे बिबडे बघू या. उन्हाळा तोंडावर, ज्वारी आणून ठेवलेली, आणि एक पायलीला मीठ किती ते मला दरवर्षी विचारावं लागतं. यंदा विचारून उत्तर मिळायची खात्री नव्हती. फाइल उघडली. आत पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच डॉलर, मध्येच उद्गारचिन्ह. एक शब्द मराठी नाही. दुसरी उघडली, तेच. तिसरी उघडली, तेच. आणि गाण्यांची फाइल तर कुठे दिसेचना.

दुकानातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “जुन्या फायली आहेत ताई, करप्ट झाल्या असतील.” कॉम्प्युटरच्या जगात ‘करप्ट’ हा शब्द ऐकला की आपण देवाला हात जोडून गप्प बसतो. तुम्ही तसं बसू नका, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे. फाइल खरोखर बिघडते तेव्हा ती बहुतेक वेळा उघडतच नाही. उघडते, पाने तेवढीच दिसतात, परिच्छेदही जागच्या जागी दिसतात आणि फक्त अक्षरं परकी वाटतात, तेव्हा फाइल धडधाकट असते. हरवलेला असतो तो फॉन्ट.

हे मला कळलं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो आता पुण्याला असतो. त्याने फोनवर जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

पूर्वीच्या कॉम्प्युटरांत अक्षरांसाठी जेमतेम २५६ खाने होते. त्यातले निम्मे इंग्रजीने आधीच व्यापलेले. मराठीला स्वतःचं घर नव्हतं. मग मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. खाना इंग्रजीचाच ठेवायचा, पण त्यात चित्र बसवायचं मराठी अक्षराचं. कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा ‘म’. आपल्याकडे घरोघरी, छापखान्यांत, कचेऱ्यांत चाललेले पुष्कळ फॉन्ट या जातीचे होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, शिवाय कृतिदेव, शिवाजी ही नावं तुमच्यापैकी ज्या टायपिंगची कामं करत असत त्यांच्या ओळखीची असतील. त्या काळी त्यांनी मराठीवर उपकारच केले. पण प्रत्येकाची मांडणी वेगळी. तुमच्या मसाल्याच्या डब्यात हळद डावीकडे, माझ्या डब्यात उजवीकडे, तसं. माझा डबा तुमच्या सवयीने वापरला तर आमटीत हळदीच्या जागी तिखट पडणार. आणि फॉन्टच नसला तर कॉम्प्युटर बिचारा खान्यातलं मूळ इंग्रजी अक्षर दाखवतो.

यावर कायमचा उपाय निघाला तो युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात जगातल्या लिप्यांना स्वतंत्र जागा दिल्या. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले. ‘क’ चा क्रमांक २३२५. तो जळगावला २३२५ आणि जपानमध्येही २३२५. आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते याच पद्धतीने, म्हणून एकीचा निरोप दुसरीला कुठल्याही फोनवर वाचता येतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली. मग नानांनी २००८ मध्ये जुना फॉन्ट का धरला? क्लासमध्ये तोच शिकवला होता, म्हणून. बोटांना जे वळण लागलं ते लागलं.

हे ऐकताना मला नानांचंच एक बोलणं आठवत होतं. निवृत्तीनंतर ते अधूनमधून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं मिळवायचे, हे तुम्ही वाचलं असेल. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने हे मंडळ उभं राहिलं. तिथून आले की नाना म्हणायचे, कागद राखणारे पुष्कळ भेटतात, मोडी वाचणारा सापडत नाही. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, अन् घरच्याच माणसाला आपल्याच पणजोबाचं खत वाचता येत नाही. तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता हूं हूं करायची. नानांच्या स्वतःच्या फायलींवर अशी पाळी यावी आणि तीही पाच वर्षांच्या आत, हे माझ्या मनात कुठून येणार?

त्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, जुना सीपीयू घरात आहे का अजून?” मी दाराकडे बघितलं. होता.

तो परत टेबलावर चढवला, मॉनिटरची वायर काढून त्याला जोडली. सुरू झाला. फाइल उघडली आणि बिबड्यांचं प्रमाण स्वच्छ मराठीत समोर आलं. तिथे फॉन्ट होता ना! वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसतं. गंमत म्हणजे फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवरही ते नाव दिसतं, आपण वाचत नाही इतकंच. ते नाव आधी कागदावर लिहून घेतलं. मग सी ड्राइव्ह उघडून त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स असं शिरलं की घरातल्या सगळ्या फॉन्टांची जणू मांडणीच दिसते. तिथून त्या नावाचे सगळे फॉन्ट कॉपी करून पेनड्राइव्हवर घेतले (ठळक, तिरका असे तीन-चार भाऊ असतात, सगळे घ्यावेत). नव्या कॉम्प्युटरवर त्या प्रत्येकावर उजवं बटण दाबून ‘इन्स्टॉल’ म्हटलं. फाइल बंद करून पुन्हा उघडली. आली मराठी!

टायपिंगचं जुनं पॅकेज नव्यावर चालेलच असं नाही, काहींना तर स्वतःची कुलूपकिल्ली असे. पण नुसतं वाचायला पॅकेज लागत नाही, फॉन्ट पुरतो. हा फरक लक्षात ठेवा.

राहिली गाणी. ती शोधायला मात्र घाम फुटला. सी ड्राइव्ह चाळला, काही नाही. शेवटी डी ड्राइव्ह उघडला, तिथे नानांनी केलेलं एक फोल्डर होतं, त्याचं नाव ‘किरकोळ’. आत वीज बिलाच्या पावत्या, पेन्शनचे अर्ज, एका लग्नाची पत्रिका आणि या सगळ्याच्या पोटात आणखी एक फोल्डर, नुसतं ‘हिची गाणी’. एकशे त्रेचाळीस फायली. माझ्या छातीत धस्स झालं, खोटं कशाला सांगू. दुकानातल्या मुलाने डी ड्राइव्ह उघडलाच नव्हता आणि मी त्याला उघड म्हटलं नव्हतं. चूक त्याच्या एकट्याची नाही. आपल्या घरात कुठे काय ठेवलंय ते परक्या पोराला काय ठाऊक?

तेव्हा तुम्ही हे काम कराल त्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं काय कुठे आहे. मग सी, डी, ई जितके ड्राइव्ह असतील ते एकेक उघडा. ‘डाउनलोड्स’ बघा, आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका हटकून तिथे पडलेली असते. रिसायकल बिनमध्येही एकदा डोकावा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, बँकेच्या आणि गॅसच्या साइटचे, हे फायलींबरोबर येत नाहीत, ते आधीच वहीत उतरवून घ्या. नेताना ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. कट करताना मध्येच वीज गेली तर निम्मं इकडे, निम्मं तिकडे आणि एखादी फाइल कुठेच नाही. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ बघा, फायलींची संख्या आणि आकार जुळायला हवा. एकशे त्रेचाळीस म्हणजे एकशे त्रेचाळीस. भिशीचे पैसे जसे दोनदा मोजतो, तसे. आणि त्यातल्या दहा-बारा फायली प्रत्यक्ष उघडून, वाचून बघा. मराठी असलेल्या तर आवर्जून.

जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर आणखी एक करून घ्यावं. मोलाच्या फायली तिथल्या तिथे पीडीएफ करून ठेवाव्यात. विंडोज १० मध्ये प्रिंट म्हटलं की प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ दिसतो, तो निवडायचा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूपही बहुतेक वेळा बरोबर जातं, पुढे फॉन्ट असो नसो. मी रविवारी दुपारभर हेच केलं. जेवायला खिचडी.

पण पीडीएफ म्हणजे फोटो काढून ठेवल्यासारखं. त्यात सहज दुरुस्ती होत नाही, एखादा शब्द शोधायचा तर सापडत नाही. म्हणून त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मी गाणी युनिकोडमध्ये आणली. यासाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, फॉन्टचं नाव निवडायचं, दुसऱ्या चौकटीत युनिकोड मिळतं. बँकेचे कागद असल्या परक्या साइटवर टाकू नयेत, गाण्यांना हरकत नाही. आणि निघालेला मजकूर तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये. रफार एक घर सरकलेला असतो, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटलेली असते.

अहिराणीत तर एक वेगळाच घोटाळा झाला. आपल्या बोलीत ‘करी ऱ्हायनी’, ‘जाई ऱ्हायना’ असा ‘ऱ्ह’ पावलोपावली येतो. त्या ‘ऱ्ह’ चं कन्व्हर्टरने सगळीकडे ‘र्ह’ करून टाकलं, म्हणजे ‘ह’ च्या डोक्यावर रफार. मला ते वाचताना फारसं जाणवलं नाही, मी मूळची नाशिककडची. जेवणं झाल्यावर मी एकेक गाणं आईंना वाचून दाखवत असे आणि जसं छापलंय तसं वाचत असे. आई पलंगावर डोळे मिटून पडलेल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला डोळे उघडून म्हणाल्या, “काय म्हणी ऱ्हायनी वं तू? तसं नही शे ते.” आणि तो एक शब्द नीट म्हणून दाखवला. पुढची ओळ विचारली तर ती आठवेना. पण चुकलेला शब्द कानाला खटकला तो खटकलाच. मग मी वर्डमध्ये शोधून बदलण्याची जी सोय असते ती वापरून ‘र्ह’ चे सगळे ‘ऱ्ह’ एका फटक्यात केले. दोनशेच्यावर जागा निघाल्या. (‘अर्हता’सारख्या शब्दात खरोखरच र्ह असतो, पण जात्यावरच्या ओवीत अर्हता कोण घालतंय?) त्या दिवसापासून तपासणीचं काम आईंचं. मी वाचायचं, त्यांनी अडवायचं. आठवड्याला आठ-दहा गाणी होतात. काही दिवशी त्या अडवत नाहीत, झोप लागलेली असते.

आपण जळगावच्या बायका बहिणाबाईंचं नाव अभिमानाने घेतो. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेली ही बाई, लिहिता-वाचता येत नसे. शेतात, घरात काम करता करता गाणी म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती कागदावर उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. मधल्या वर्षांत ती वही कुणीतरी घरात जपली होती. माझ्या सासूबाई काही बहिणाबाई नव्हेत, त्यांची गाणी त्यांच्या आईची, आत्याची, गल्लीतल्या बायकांची आहेत. पण अशी एखादी वही किंवा फाइल पुष्कळ घरांत असते. तुमच्याकडेही कुणी आजेसासऱ्यांची वंशावळ टाइप केलेली असेल, वडिलांचं आत्मचरित्र अर्धवट असेल, मंगळागौरीच्या खेळांची यादी असेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मराठी फाइल असली तर आजच उघडून बघा, जुनं मशीन चालतंय तोवर. नानांनी काही गाणी सीडीवरही भरली होती. नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तो नणंदेकडून मागून आणला आणि दोन सीडी वाचता आल्या, तिसरीवर बुरशीसारखे डाग, ती गेली.

आता या फायली तीन ठिकाणी आहेत. नव्या कॉम्प्युटरवर, बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत धुळ्याला नणंदेकडे. एकाच घरात तिन्ही प्रती ठेवण्यात अर्थ नाही, चोर आणि पाणी दोघंही सगळं एकदमच नेतात. नुसत्या पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, ते निरोप पोचवायला ठीक. आणि हो, गाण्यांचा एक छापील संच काढून दोऱ्याने शिवला आहे. तो विजेशिवाय चालतो.

सोमवारी दुकानातला मुलगा जुना सीपीयू न्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, आठ दिवसांनी ये. त्या आठ दिवसांत सगळं पुन्हा पडताळलं. पुढच्या सोमवारी तो आला, तेव्हा आधी त्याच्याकडूनच चार स्क्रू काढून आतली हार्ड डिस्क बाहेर घेतली. नुसतं फॉरमॅट केलं तर जाणता माणूस जुन्या फायली परत काढू शकतो, आणि त्यात आमच्या बँकेच्या नोंदी, सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. शिवाय ती डिस्क हाताशी असली की काही राहून गेलंच तर अजून काढता येईल. त्यासाठी यूएसबीची एक वायर मिळते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला मात्र विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टरही लागतो, तो बरोबर असलेली वायर मागून घ्या.

मुलगा म्हणाला, “ताई, डिस्क काढून घेतली तर तीनशे रुपये कमी होतील.”

“होऊ देत,” म्हटलं. “पाणी घेणार का चहा?”